सासूबाईंच्या अंगणातलं दहा-सोळा

…नाही, पण मला एक सांगा, माणसाला तोंड दिलंय कशाला? बोलायलाच ना? मग भूक लागली तर 'भूक लागली' म्हणावं, उशीर झाला तर 'उशीर झाला' म्हणावं, त्याचे आकडे कशाला करायचे? पण तुम्हाला सांगतो, आमच्या हॅरो काउंटीत त्या वर्षी जो तो आकड्यांत बोलायला लागला होता. गाडीत रेडिओ बसवायची साथच आली होती म्हणा ना. आधी आम्हा ट्रकवाल्यांना लागण झाली, ते ठीक आहे, आम्हाला गरज होती, पुढे पोलीस वेग मोजत झुडपाआड बसलाय का, ओमाहाच्या रस्त्यावर बर्फ आहे का, हे कळायला पाहिजे. पण मग शेतकऱ्यांना झाली, मग त्यांच्या बायकांना झाली, आणि शेवटी आमच्या चर्चच्या फादर ओंद्राचेकनीसुद्धा गाडीवर रेडिओची ही लांब काठी लावली. पापांची कबुली द्यायला गेलो तर मध्ये मध्ये 'दहा-चार, दहा-चार' म्हणायला लागले. म्हणजे 'समजलं'. अहो फादर, समजलं तर 'समजलं' म्हणा की… नाही, दहा-चार.

मी मिलो कुबिचेक. डुकरं वाहतो. म्हणजे ट्रकमधून. रेडिओवर मात्र मी मिलो नाही, कारण रेडिओवर खरं नाव घ्यायचं नसतं, तिथे मी 'गंजका नांगर'. हे नाव मी घेतलेलं नाही, मला दिलंय, आणि ज्याने दिलंय त्याला मी अजून शोधतोय. माझी बायको आर्डिथ, तिचं नाव 'गोड काकडी', कारण तिच्या काकडीच्या लोणच्याला जत्रेत बक्षीस मिळतं. आता ही गोड काकडी जेवायला बसली की काय विचारते माहिती आहे? "मिलो, तुझं दहा-वीस काय?" म्हणजे 'तू कुठे आहेस'. मी म्हटलं, "अगं, मी तुझ्यासमोर बसलोय, बटाटे खातोय, तुला दिसतोय." तर म्हणते, "सराव नको का करायला?" आता बोला. तोंड दिलंय ना देवाने? मग आकडे कशाला?

बरं, हे सगळं हसण्यावारी नेलं असतं मी, पण मध्ये आल्या सासूबाई.

सासूबाई म्हणजे व्लास्टा सेडलाचेक. गावाबाहेर खाडीच्या अंगाला त्यांचं शेत, सासरे गेल्यापासून तिथे एकट्या. कोंबड्या, बाग, तळघरात बरण्यांच्या रांगा. वसंतात त्या तळघराच्या पायऱ्यांवरून घसरल्या आणि पाय मोडून बसल्या. पाय बरा झाला, पण आर्डिथची झोप उडाली ती उडालीच. रोज तेच. "आई एकटी आहे, आई पुन्हा पडली तर, आईला कुणी बघितलं नाही तर…" रोज फोन. सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "मी माझ्या घरात मरेन, तू तुझ्या घरात काळजी कर." शेवटी आर्डिथ रडली. खरं रडली, मी पाहिलंय, भांडी घासता घासता. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बरं, थंडीपुरती येते तुमच्याकडे, बघते कसं जमतं ते. पण माझी पेटी आली पाहिजे.

ही पेटी म्हणजे काय… लाकडाची, लोखंडी पट्ट्यांची, सासूबाईंच्या आजीने बोहेमियातून जहाजावरून आणलेली, बैल आडवा पडल्यासारखी दिसते. चार पाय, त्यातला एक आधीच तुटलेला. झाकण उघडलं की अशी कुरकुरते की कोंबड्या अंडी द्यायच्या थांबतात. तर ठरलं असं, की शनिवारी दुपारी मी ओमाहाला डुकरं उतरवून रिकामा परत येईन, येताना सासूबाईंना आणि पेटीला उचलेन, आणि संध्याकाळी आमच्याकडे सगळ्यांनी बदकाचं जेवण करायचं. सोपं आहे की नाही? मला पण वाटलं सोपं आहे.

येताना वाटेत रेडिओ वाजला. "गंजका नांगर, गंजका नांगर, इथे गोड काकडी. दहा-वीस काय तुझं?" मी म्हटलं, हायवेवर आहे, गहू साठवायच्या गोदामांपाशी. आणि तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा बायकोला बरं वाटावं म्हणून मी आकड्यात बोललो. आम्हा ट्रकवाल्यांत दहा-सोळा म्हणजे 'अमुक ठिकाणाहून माल उचल'. म्हणून मी म्हटलं, "आता आईकडे दहा-सोळा आहे." खूश झाली ती. मग मी पेटीबद्दल बोलायला लागलो, तर 'पेटी' म्हणायच्या वेळेस नेमका खरखराट झाला, आणि पुढचं मात्र सगळं स्वच्छ गेलं. काय गेलं ऐका.

"…जुनी आहे, जड आहे, एकट्याला उचलणार नाही. दोरीने आवळून ट्रकमध्ये टाकतो. फार कुरकुरते, तिचं तोंड पट्ट्याने बंदच करून टाकतो. डुकरांच्या जागेत नीट बसेल."

आणि आमची गोड काकडी काय म्हणाली? "दहा-चार. पण पाय सांभाळ, एक आधीच मोडलाय, दुसरा मोडू नकोस."

बस. एवढंच. मी रेडिओ ठेवला, आणि वाटेत एक खाणावळ लागते तिथे थांबलो. त्यालाही आकडा आहे, दहा-शंभर, म्हणजे 'लघवीला जाऊन येतो'. त्यातही लाज नाही लोकांना, सगळ्या हायवेला सांगून जातात. मी न सांगता गेलो. आणि गेलोच आहे तर एक सफरचंदाचा पाय, म्हणजे ते गोड सारण भरून भाजलेलं असतं ना, तो खाल्ला, वर कॉफी घेतली. मला काय माहीत की तेवढ्यात तिकडे काय चाललंय.

तिकडे होता लीलंड पोस्पिशिल. आमचा पोलीस. मुलगा चांगला आहे, म्हणजे चाळिशीचा आहे, पण आम्ही त्याला मुलगाच म्हणतो. ह्या लीलंडने पोलिसांच्या रेडिओशेजारी गाडीत स्वतःच्या पैशाने आमचावाला रेडिओपण बसवला होता, जनतेशी संपर्क म्हणून. आणि पोलिसांचे आकडे त्याला असे पाठ, की झोपेतून उठवून विचारा. आता पोलिसांचे आकडे वेगळे आणि आमचे वेगळे, हे त्याच्या डोक्यात आलं नाही आणि माझ्याही नाही. पोलिसांकडे दहा-सोळा म्हणजे काय असावं? घरातलं भांडण. मारामारीपर्यंत गेलेलं.

म्हणजे लीलंडने काय ऐकलं बघा… सासूच्या घरी भांडण पेटलंय, जावई म्हाताऱ्या बाईला दोरीने बांधून, तोंडाला पट्टा लावून डुकरांच्या ट्रकमध्ये घालणार आहे, आणि पोटची मुलगी रेडिओवर शांतपणे सांगतेय, एक पाय मोडलाय, दुसरा नको.

त्याचं काय चुकलं, तुम्हीच सांगा. मी त्याच्या जागी असतो तर मलाच पकडलं असतं.

लीलंडने भोंगा लावला आणि निघाला. आणि जाता जाता रेडिओवर विचारलं, "सेडलाचेक शेताजवळ कोण आहे? व्लास्टाबाईंच्या घरी दहा-सोळा." आता हे ऐकलं कुणी? सगळ्यांनी. अहो, सगळं गाव तेच तर करत होतं त्या वर्षी, ऐकत बसलं होतं. ज्याला पोलिसांचा अर्थ माहीत होता त्याला वाटलं खून होतोय, ज्याला ट्रकवाल्यांचा माहीत होता त्याला वाटलं काहीतरी उचलायला मदत हवीय, आणि ज्याला कुठलाच माहीत नव्हता तो चुकायला नको म्हणून आला.

मी पोचलो तेव्हा पोट भरलेलं, मन प्रसन्न, शीळ घालत वळणावर आलो… आणि बघतो तर सासूबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नाही. पोलीसगाडी, आगीचा बंब, ट्रॅक्टर, फादर ओंद्राचेक तेलाची कुपी घेऊन, मरणाऱ्याला लावतात ते तेल. शेजारच्या बोझेना पोकोर्नी एका हातात लाटणं आणि दुसऱ्या हातात खसखशीच्या कोलाचेंचं, म्हणजे आमच्या गोड पावांचं, ताट घेऊन, म्हणजे भांडण असलं तर लाटणं आणि सुतक असलं तर कोलाचे, दोन्हीकडची तयारी. मी खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय झालं? सासूबाई गेल्या का?" तर सगळं अंगण माझ्याकडे वळलं.

लीलंड पुढे आला. "मिलो, हात दिसतील असे ठेव."

मी म्हटलं, "लीलंड, माझ्या हाताला पाय लागलाय. सफरचंदाचा."

"दोरी कुठे आहे?"

"सीटमागे. का? तुला हवीय?"

गर्दीतून कुणीतरी 'अरे देवा' म्हणालं. "आणि पट्टा?" "तो पण आहे." प्रामाणिक माणूस आहे मी, विचारलं ते सांगितलं. लीलंडचा चेहरा पांढरा पडला. तुम्हाला सांगतो, दोन वाक्यं सरळ बोलला असता तर मिटलं असतं. तोंड दिलंय ना देवाने? मग आकडे कशाला? पण तो म्हणतोय, "दहा-सोळाबद्दल तुझं काय म्हणणं आहे," आणि मी म्हणतोय, "म्हणणं काय असणार, उचलायची आणि न्यायची, बायकोचा हुकूम आहे." प्रत्येक वाक्यानिशी मी आणखी आत चाललोय, आणि मला पत्ताच नाही.

एवढ्यात आर्डिथ आली. घरच्या रेडिओवर तिने लीलंडचं बोलणं ऐकलं होतं, गाडी अशी हाणत आली की आमचं बदक ओव्हनमध्येच राहिलं. उतरली ती माझ्या अंगावर. "आईला काय केलंस?" मी म्हटलं, "मी आत्ता येतोय." लीलंड म्हणाला, "आर्डिथ, तूही जरा बाजूला उभी राहा, पायाबद्दल तुलाही विचारायचंय." मग तिने डोळे मिटले, आठवलं, आणि हळूच म्हणाली, "लीलंड… पेटी. ती पेटीबद्दल होतं."

मग आगीच्या बंबावरचा एक जण हसला, मग दुसरा. फादरनी तेलाची कुपी खिशात घातली. लीलंड कानापर्यंत लाल. मला वाटलं सुटलो.

पण लीलंड म्हणाला, "म्हणजे पेटीचं ठीक आहे, मिलो. पण मग आत भांडतंय कोण?"

आम्ही कान दिला. आणि खरंच, स्वयंपाकघरातून आवाज येत होते. एक सासूबाईंचा, तो ओळखायला कान लागत नाहीत. आणि एक पुरुषाचा. एवढा भोंगा वाजला, एवढं गाव जमलं, पण आतल्या दोघांना गंध नाही, कारण सासूबाईंना कमी ऐकू येतं आणि दुसऱ्याला त्याहून कमी.

लीलंडने दार ठोठावलं. दार उघडलं एमिल हाव्रानेकने. आता एमिल म्हणजे कोण, तर गोदामावर आयुष्यभर धान्याचा काटा सांभाळलेला माणूस. एकटा, लग्न केलं नाही, लग्नसमारंभांत ॲकॉर्डियन वाजवतो आणि वाजवून झालं की घरी जातो. मी त्याला सगळ्या आयुष्यात 'ओला आहे' आणि 'कोरडा आहे' ह्यापलीकडे बोलताना ऐकलं नव्हतं, आणि तेही मक्याबद्दल. तो उभा दारात, बाह्या वर केलेल्या, कमरेला सासूबाईंचा फुलाफुलांचा ॲप्रन, हाताला कणीक. मागे सासूबाई, डोळे लाल.

आर्डिथच्या तोंडून शब्द फुटेना. बोझेनाच्या फुटला. "बाई गं," एवढाच.

लीलंड बिचारा नियमाने चालणारा माणूस. भांडण आहे म्हटल्यावर दोन्ही बाजू विचारल्या पाहिजेत. गाडी दाराला खेटूनच उभी होती, तिच्या खिडकीतून आमच्यावाल्या रेडिओचा माइक वायरीसकट ओढून हातात धरलेला होताच, काही झालं तर मदत मागवायला, आणि घाबरून त्याने बटण दाबून धरलं ते सोडलंच नाही. "मिसेस सेडलाचेक, ह्या गृहस्थांशी तुमचा काय वाद आहे?" आणि तेवढ्यात त्याला आठवलं की ह्याच बाईंनी आपल्याला लहानपणी चर्चमध्ये कान धरून बाहेर काढलंय, म्हणून घाईने म्हणाला, "म्हणजे व्लास्टामावशी, काय झालं?"

सासूबाई म्हणाल्या, "काही झालं नाही. तुम्ही सगळे घरी जा."

पण एमिल म्हणाला, "झालंय. मी सांगतो."

आणि तो बोलायला लागला. अंगणात आम्ही त्याच्या तोंडून ऐकतोय, आणि लीलंडचं बटण दाबलेलं, त्यामुळे तेच प्रत्येक ट्रॅक्टरमधून, प्रत्येक ट्रकच्या खिडकीतून, बंबातूनसुद्धा परत येतंय. सगळ्या काउंटीने ऐकलं. तो म्हणाला, "मी उन्हाळ्यापासून इथे येतो. आधी कुंपण दुरुस्त करायला आलो. मग कुंपण झालं, तरी येत राहिलो. ही आता मुलीकडे राहायला चाललीय. मी म्हटलं, जाऊ नकोस. मी म्हटलं, मी इथे राहायला येतो, लग्न करू. ही म्हणते, आर्डिथला शब्द दिलाय, शब्द मोडणार नाही. मी म्हटलं, तिला विचार. ही म्हणते, कोणत्या तोंडाने विचारू ह्या वयात. एवढंच भांडण आहे. माझा आवाज चढला, ते माझं चुकलं."

मी आर्डिथकडे बघितलं. ती आईकडे बघत होती.

"आई, मला का नाही सांगितलंस?"

"सांगणार कधी?" सासूबाई म्हणाल्या. "तू फोन करतेस आणि विचारतेस, गोळी घेतली का. पायऱ्या उतरलीस का. दार लावलंस का. दुसरं काही विचारलंस का गं कधी?"

ते लागलं तिला. मलाही लागलं, आणि मला तर कुणी बोललंही नव्हतं. आर्डिथ आईसमोर जाऊन उभी राहिली. हातात गाडीची किल्ली, केस विस्कटलेले, गाव बघतंय. मग तिने अगदी साधं विचारलं. "आई, तुला इथेच राहायचंय?"

"हो."

"ह्यांच्याबरोबर?"

सासूबाईंनी एमिलकडे बघितलं, ॲप्रनकडे बघितलं. "कणीक बरी मळतो," म्हणाल्या.

"पण ते तळघर," आर्डिथ म्हणाली. लोक काय म्हणतील, घर कुणाचं, ह्यातलं काहीच तिच्या मनात नव्हतं हो. तिला फक्त त्या पायऱ्या दिसत होत्या. एमिलने आत जाऊन तळघराचं दार उघडलं. पायऱ्यांना दोन्ही बाजूंनी कठडा लावलेला. ओकच्या लाकडाचा, घासून गुळगुळीत केलेला, वरपासून खालपर्यंत. आर्डिथ आत गेली, दोन्ही हातांनी कठडा धरला आणि असा हलवला, असा हलवला, की मला वाटलं घर हलतंय. कठडा हलला नाही. खालपर्यंत गेली, वर आली, डोळे पुसले आणि म्हणाली, "मजबूत आहे."

बस. तेच लग्नाचं ठरणं. बोझेनाने कोलाचेंचं ताट पुढे केलं, आणि लाटणं कुठेतरी ठेवून दिलं.

तेवढ्यात पोलिसांच्या रेडिओवर शेरिफसाहेबांचा आवाज. "लीलंड, तुझ्या दहा-सोळाचं काय झालं?" लीलंडने माइक उचलला, तोंड उघडलं, आणि थांबला. सगळे आकडे मनातल्या मनात चाळले असणार त्याने. मग म्हणाला, "साहेब… ह्याला आकडाच नाही." साहेब म्हणाले, "मग सरळ तोंडाने सांग ना बाबा." आणि मी अंगणातून, कोलाचे खात, मोठ्यांदा म्हणालो, "हेच, हेच मी सांगतोय सगळ्यांना!"

म्हणायला नको होतं. पण म्हणालो. आणि लग्नात शेरिफसाहेब माझ्या टेबलाशी आले, एमिल स्वतःच्याच लग्नात ॲकॉर्डियन वाजवत होता, सासूबाई त्याला 'खाली बस आता' म्हणत होत्या, आणि साहेब म्हणाले, "मिलो, तुझं बरोबर आहे, आकड्यांनी घोटाळे होतात. आजपासून आमच्या खात्यात आकडे बंद. सरळ भाषेत बोलायचं." मला इतका आनंद झाला म्हणून सांगू, मी त्यांना बिअर पाजली. गावातल्या बाकीच्यांनीही आकडे सोडले. आर्डिथनेसुद्धा.

आता परवाची गोष्ट. चिखलात माझा ट्रक खड्ड्यात गेला, खाडीच्या वळणावर. मी रेडिओ उचलला, लीलंडला सांगावं, साखळी घेऊन ये. तर लीलंड बोलत होता. सरळ भाषेत. "रस्त्यावर एक गाय उभी आहे, लालसर, म्हणजे अगदी लाल नाही, बोझेनाताईंच्या दिवाणखान्याच्या पडद्याचा रंग असतो ना तशी… मधोमध नाही, जरा डावीकडे… चेहऱ्यावरून दुःखी वाटते…" ठाण्यावरची बाई विचारतेय, दुःखी म्हणजे आजारी का. लीलंड म्हणतोय, नाही, तसं नाही, कसं सांगू. मग बोझेना मध्ये पडल्या, ती माझीच, तिचं वासरू विकलंय म्हणून उदास असते. मग फादर ओंद्राचेक वासराबद्दल दोन शब्द बोलले. मग एमिल… हो, एमिल हाव्रानेक, आता त्याला जे तोंड फुटलंय ते मिटायलाच तयार नाही… त्याला लहानपणीची एक गाय आठवली, तिची आई आठवली, आणि मागून सासूबाई सांगतायत की ती गाय नव्हती, ते दुसरंच होतं, नीट सांग.

मी वाट बघितली. मध्ये घुसायला फटच मिळेना. शेवटी रेडिओ बंद केला आणि चिखल तुडवत चालत घरी आलो. आता मला सांगा, मी तक्रार तरी कुणाकडे करू? सगळं माझ्याच म्हणण्याप्रमाणे झालंय.